सहा-सात टक्के

अण्णांच्या हिशेबाच्या डायऱ्यांपैकी एकच माझ्याकडे उरली आहे, १९८७ सालची. निळ्या रेक्झिनचं कव्हर, झिजलेले कोपरे. पानांना अजून ग्रीसचा वास येतो असं मला वाटतं. बायको म्हणते, येत नाही. रोज रात्री जेवायच्या आधी ते त्यात टॅक्सीचा हिशेब मांडायचे. धंदा किती झाला, पेट्रोल किती, ऑइल, पंक्चर, चहा, रात्रपाळीच्या ड्रायव्हरचा हिस्सा. जुलैच्या एका पानावर आकडे जुळलेले नाहीत. खाली दोन रेघा ओढून त्यांनी लिहिलंय, 'गाडी कुठं खाते ते बघणे.'

तो आठवडा मला चांगला आठवतो. मी आठवीत होतो. धंदा रोजच्यासारखा होत होता, पण हातात काही उरत नव्हतं. स्टँडवरच्या लोकांनी सांगितलं, रात्रीच्या पोराचा हिस्सा कमी कर, तोच हात मारत असणार. तो पोरगा जौनपूरकडचा, दर महिन्याला गावी मनिऑर्डर करणारा. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी त्यांनी गाडी गल्लीत जॅकवर चढवली आणि एकेक चाक हातानं फिरवून पाहिलं. मागचं डावं चाक अर्धा फेरा घेऊन थांबलं. ब्रेक सुटतच नव्हता, लायनर ड्रमला धरून बसला होता. आठवडाभर गाडी स्वतःच्याच ब्रेकशी झगडत पेट्रोल जाळत होती. संध्याकाळपर्यंत काम झालं. रात्री त्या पोराला त्याचा हिस्सा मिळाला, नेहमीएवढाच.

गाडी अर्थातच फियाट. बॉनेटवर नाव प्रीमियर पद्मिनीचं असलं तरी मुंबईत तिला फियाटच म्हणायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर कंपनी, तिचा कुर्ल्याचा कारखाना, आणि त्यात इटलीच्या परवान्यावर तयार झालेली ही गाडी. स्टिअरिंगजवळचा दांडीचा गिअर, सकाळी चोक ओढल्याशिवाय न उठणारं इंजिन, मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेलं अख्खं कुटुंब. फियाट हे कुठल्या परदेशी कंपनीचं नाव आहे हेच मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. आमचं भाडं, माझी फी, बहिणीचं लग्न, सगळं तिच्यावर चाललेलं. त्यामुळे पुढे इंजिनिअर होऊन पुण्याकडे आलो, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लागलो आणि तिकडे इटलीत, तुरिनमध्ये, फियाट बुडायला आली आहे अशा बातम्या वाचू लागलो, तेव्हा मला गावाकडचं कुणी आजारी असल्यासारखं वाटायचं.

फियाट खरोखरच बुडायला आली होती. १८९९ साली स्थापन झालेली ही कंपनी म्हणजे इटलीच्या उद्योगाचा कणा, आणि तिचं मालक आन्येल्ली घराणं म्हणजे त्या देशातलं जवळजवळ राजघराणं. जानेवारी २००३ मध्ये जान्नी आन्येल्ली गेले. त्यांचे भाऊ उंबेर्तो यांनी धुरा घेतली. २७ मे २००४ रोजी तेही गेले. बँकांनी २००२ साली दिलेल्या ३ अब्ज युरोंच्या कर्जाची मुदत २००५ च्या सप्टेंबरात संपणार होती, आणि तोवर फेड झाली नाही तर त्याचे शेअर होऊन बँका मालकीत शिरणार होत्या. कंपनी रोज २० लाख युरोंच्या वर गमावत होती. दोन-तीन वर्षांत वरच्या खुर्चीवर एकामागून एक माणसं बसून उठली होती. अशा वेळी १ जून २००४ रोजी सेर्जिओ मार्किओने त्या खुर्चीवर आला.

मोटारधंद्यात तो नवखा होता. जन्म १९५२ चा, आब्रुझ्झो भागातल्या किएती गावचा. वडील काराबिन्येरी, म्हणजे इटलीच्या लष्करी पोलीस दलातले. चौदाव्या वर्षी कुटुंबाबरोबर कॅनडात टोरांटोला गेला. आधी तत्त्वज्ञान शिकला, मग वाणिज्य, मग कायदा. सनदी लेखापाल झाला, वकीलही झाला. जिनिव्हातली एसजीएस ही तपासणी आणि प्रमाणपत्रं देणारी कंपनी त्यानं सावरली होती, आणि आन्येल्लींचा त्यात पैसा असल्यामुळे तो त्यांच्या नजरेत होता. कोट-टाय सोडून काळा स्वेटर घालणारा, सतत सिगारेट ओढणारा, झोप कमी असणारा माणूस. त्याच्या स्वेटरबद्दल नको तितकं लिहून झालंय. मला त्याच्या एका आकड्याबद्दल लिहायचं आहे.

युरोपातली मोटार कंपनी तोट्यात गेली की पुढचं ठरलेलं असतं. एखाद-दुसरा कारखाना बंद करायचा, काही हजार माणसं घरी पाठवायची, मग बाजार खूश होतो आणि शेअर चढतो. सगळे त्याचीच वाट पाहत होते. मार्किओने सांगत राहिला की मोटारीच्या एकूण खर्चात कामगारांच्या मजुरीचा वाटा सहा-सात टक्के आहे. त्या सहा-सात टक्क्यांवर तुटून पडून कंपनी वाचणार नाही, उरलेल्याकडे बघा.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आपल्याला कारखाना म्हटलं की माणसंच दिसतात. पाळी सुटताना फाटकातून बाहेर पडणारा लोंढा दिसतो. पण मोटारीची किंमत बहुतेक आधीच ठरून फाटकाच्या आत येते. पोलाद, काच, रबर, बाहेरून विकत घेतलेले शेकडो भाग, त्यांची वाहतूक. शिवाय नवं मॉडेल कागदावरून रस्त्यावर यायला लागणारी वर्षं आणि त्या वर्षांचं व्याज. शिवाय अर्धी रिकामी चालणारी लाइन. दोन गाड्यांचं न दिसणारं पोट सारखं असू शकत असताना दोघींसाठी वेगळा सांगाडा, वेगळा एक्झॉस्ट, वेगळे बिजागर. यातलं काहीही वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या हातात नसतं. ते वरच्या मजल्यावर ठरतं.

म्हणून त्यानं सुरुवात वरच्या मजल्यापासून केली. पहिले काही आठवडे तो कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून फिरला. पदांची उतरंड इतकी उंच होती की खालचा प्रश्न वर पोचेपर्यंत शिळा व्हायचा. मधले थर काढले, कितीतरी वरिष्ठ घरी गेले, आणि चाळिशीही न गाठलेल्या माणसांच्या हातात आख्खे ब्रँड दिले. त्यांतला लुका दे मेओ पुढे रेनोचा प्रमुख झाला. नवी गाडी रेखाटनापासून बाजारापर्यंत आणायचा वेळ कापला. २००७ ची ब्राव्हो अठरा महिन्यांत आली. तुरिनमधल्या मिराफिओरीच्या जुन्या कारखान्यात कामगारांच्या कपडे बदलायच्या खोल्या, संडास, जेवणघरं नीट करून घेतली. तोट्यातल्या कंपनीत संडासावर खर्च करायचा हे ज्याला सुचतं, त्याला कारखाना कळतो असं मी समजतो. मी ज्या शेडमध्ये उमेदवारी केली तिथल्या मोरीत वाकून जावं लागायचं आणि दाराला कडी नव्हती. अशा जागेतून बाहेर आलेल्या माणसाकडून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता मागायची म्हणजे काय, हे त्या वयातही मला खटकायचं.

जनरल मोटर्सचं प्रकरणही सांगायला हवं, कारण तिथे त्याच्यातला वकील दिसतो. २००० साली जनरल मोटर्सनं फियाटच्या मोटार विभागात २० टक्के हिस्सा घेतला होता, आणि करारात असं कलम होतं की पुढे फियाटला वाटलं तर उरलेला सगळा विभाग जनरल मोटर्सला विकत घ्यावाच लागेल. आपल्याकडे गळकं, कर्जात बुडालेलं घर आहे आणि 'हे तुम्ही घेतलंच पाहिजे' असा शेजाऱ्यानं सही केलेला कागद हातात आहे, अशी ती स्थिती. शेजाऱ्याचं स्वतःचंच छप्पर उडत होतं. मार्किओनेनं तो हक्क सोडायची किंमत मागितली. फेब्रुवारी २००५ मध्ये जनरल मोटर्सनं १.५५ अब्ज युरो देऊन सुटका करून घेतली. त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत, सतरा तिमाही तोट्यात गेल्यानंतर, फियाटच्या मोटार विभागाला कामकाजात नफा झाला.

आणि मग ४ जुलै २००७. मूळ छोटी फियाट ५०० बाजारात आली त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली, त्या दिवशी तुरिनमध्ये पो नदीच्या काठी नवी ५०० लोकांसमोर आणली. इटलीतल्या एका पिढीचं पहिलं प्रेम, पहिली सहल, पहिला संसार त्या जुन्या गाडीत झालेला. आपल्याकडे पद्मिनी किंवा बजाजची स्कूटर नव्यानं यावी तसं. पण त्या गोड चेहऱ्याखाली सांगाडा फियाटच्याच पांडाचा होता, आणि गाडी पोलंडमधल्या तिखीच्या त्याच कारखान्यात तयार होत होती जिथे पांडा होत होती. वर माणसाची आठवण, खाली वाटून घेतलेला खर्च. २००८ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ती ठरली.

हे सगळं मी वाचत होतो त्या काळात आमच्या कंपनीवर वेळ आली. २००८ ची दिवाळी झाली आणि ऑर्डरी निम्म्यावर आल्या. आम्ही पत्र्याचे दाबून काढलेले भाग पुरवायचो. नवे साहेब आले, कडक म्हणून त्यांचा लौकिक होता. पहिल्या आठवड्यात दुपारचा चहा बंद झाला. दुसऱ्या आठवड्यात छत्तीस कंत्राटी पोरं कमी झाली. मी तेव्हा कॉस्टिंगला होतो. मार्किओनेचा तो आकडा डोक्यात होता म्हणून एका रात्री बसून आमचा हिशेब काढला. परमनंट आणि कंत्राटी मिळून मजुरी नऊ टक्के निघाली. पत्रा साठच्या वर. त्या पत्र्यातला दहातला एक किलो स्क्रॅपमध्ये जात होता, कारण कॉइलची, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीची, रुंदी आणि डायचं, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याचं, माप जुळत नव्हतं, आणि ते जुळवायचं काम कुणाचंच नव्हतं. डाय बदलायला तीन तास लागायचे. तेवढा वेळ प्रेस गप्प.

तो कागद घडी करून मी टेबलाच्या खणात ठेवला. साहेबांना दाखवला नाही. हप्ते होते, मुलगी लहान होती, छत्तिसांच्या यादीनंतर सदतिसावं नाव कुणाचं असेल हे सांगता येत नव्हतं. कारणं खरी होती. पण मी गप्प बसलो हेही तेवढंच खरं.

अण्णा तेव्हा गावी, कराडजवळ. फोनवर सांगितलं की माणसं कमी केली. त्यांनी विचारलं, "किती?"

"छत्तीस."

"आणि चाकं फिरवून बघितली का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी पावसाचं विचारलं, जनावरांचं सांगितलं, फोन ठेवला. कंपनी २०११ मध्ये बंद पडली.

मार्किओनेनं चाकं फिरवून पाहिली होती, आणि शिस्तीनं. त्यासाठी त्यानं क्योतो विद्यापीठातले हाजिमे यामाशिना यांना आणलं. त्यांच्या पद्धतीत सुधारणा सुरू करण्याआधी कारखान्यातल्या प्रत्येक नासधुशीला पैशात मांडायचं असतं. बंद यंत्राचे तास, दुरुस्तीला परत आलेला जॉब, एक भाग उचलायला कामगारानं टाकलेली जादा पावलं, सगळं. मग ज्या भोकातून जास्त वाहतंय ते आधी बुजवायचं. अण्णांच्या डायरीतली ती ओळ म्हणजे याच पद्धतीचं मराठी भाषांतर आहे असं मी म्हटलं तर कुणाला भाबडेपणा वाटेल. मला तसं वाटत नाही.

क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ३० एप्रिल २००९ ला क्रायस्लरनं दिवाळखोरी जाहीर केली. जूनमध्ये फियाटनं रोख एक डॉलरही न देता २० टक्के हिस्सा घेतला. बदल्यात लहान गाड्यांचं आणि इंजिनांचं ज्ञान दिलं. ऑबर्न हिल्सच्या मुख्यालयात प्रमुखाची कचेरी मनोऱ्याच्या पंधराव्या मजल्यावर होती. मार्किओने चौथ्या मजल्यावर बसला, इंजिनिअरांच्यात. अमेरिका आणि कॅनडा सरकारांची ७.६ अब्ज डॉलरची कर्जं २४ मे २०११ ला, मुदतीच्या सहा वर्षं आधी, फेडली. त्याच वेळी हेही झालं होतं की दिवाळखोरीत ७८९ वितरकांचे करार गेले, नव्यानं लागणाऱ्या कामगारांना जुन्यांच्या निम्म्याच्या आसपास मजुरीवर काम करावं लागलं, आणि अमेरिकी सरकारनं घातलेल्या एकूण पैशातले १.३ अब्ज डॉलर परत आलेच नाहीत. कंपनी वाचली तेव्हा कुणी काय मोजलं, हेही वहीत लिहून ठेवावं लागतं.

मला छळतं ते मात्र पोमिल्यानो.

नेपल्सजवळ, व्हेसुव्हिअसच्या पायथ्याशी हा कारखाना. कामाला न येणारे खूप, दर्जा खराब, तिथे तयार होणाऱ्या आल्फा रोमेओच्या गाड्यांची मागणी घटलेली. २०१० मध्ये मार्किओनेनं प्रस्ताव मांडला की पोलंडमधली पांडा इथे आणतो, मोठी गुंतवणूक करतो. पण आठवड्याला अठरा पाळ्या चालतील, संपावर आणि आजारपणाच्या रजेवर बंधनं येतील, आणि पाळीतली विश्रांती चाळीस मिनिटांवरून तीस मिनिटांवर येईल. फिओम या धातुकामगारांच्या मोठ्या संघटनेनं नकार दिला. २२ जूनला कामगारांचं मतदान झालं. साठ टक्क्यांहून थोडे अधिक लोक हो म्हणाले. म्हणजे दहातले जवळजवळ चार जण, नोकरी पणाला लागलेली असताना, नाही म्हणाले.

मजुरी फक्त सहा-सात टक्के आहे असं सांगणारा माणूस सहा वर्षांनी दहा मिनिटांच्या विश्रांतीपाशी येऊन का थांबला? त्याच्या बाजूनं बोलायचं तर तो मजुरी कापत नव्हता. यंत्रं जास्त तास चालावीत, कोट्यवधींची लाइन रिकामी पडू नये, एवढंच त्याला हवं होतं. ते गणित मला समजतं, मी तेच काम केलंय. पण प्रेससमोर उभं राहून आठ तास काढलेल्या कुणालाही विचारा, ती दहा मिनिटं म्हणजे काय असतात. आमच्या दुपारच्या चहाचा खर्च मी काढला होता. एकूण खर्चात तो दिसतही नव्हता. तो बंद झाल्यानंतर मात्र शेडमध्ये कुणी आपणहून काही सांगायला येईनासं झालं. डाय नीट बसत नाही, कॉइलची कड फाटतेय, या गोष्टी चहाच्या टपरीपाशीच कळायच्या.

फिओमच्या लोकांना कारखान्यातल्या प्रतिनिधित्वातून वगळलं गेलं, त्यावर इटलीच्या घटना न्यायालयानं २०१३ मध्ये संघटनेच्या बाजूनं निकाल दिला. त्याआधी, २०११ संपता संपता, सिसिलीमधला तेर्मिनी इमेरेसेचा कारखाना बंद झाला होता. तुरिनची फियाट पुढे क्रायस्लरशी एकजीव होऊन कागदोपत्री नेदरलंड्सची झाली. तरीही पोमिल्यानोत आज पांडा तयार होते, त्या भागातली हजारो घरं त्यावर चालतात. मी या दोन्ही गोष्टी एका तराजूत घालून पाहिल्या आहेत, अनेकदा. काटा स्थिर होत नाही. माझा कल कारखाना जगवणाऱ्याकडे आहे, कारण बंद पडलेला कारखाना मी आतून पाहिलाय. त्याच्या फाटकावर गवत फार लवकर उगवतं.

आपल्याकडे फियाटचं काय झालं? रांजणगावला टाटांबरोबर भागीदारीत कारखाना झाला. २००९ मध्ये लिनिआ आणि पुन्टो आल्या. मी रांजणगावच्या रस्त्यानं जायचो तेव्हा फाटकावरचं ते नाव पाहून ऊर भरून यायचा. गाड्या भक्कम होत्या, पण खपल्या नाहीत. या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फियाटच्या गाड्या भारतात मिळेनाशा झाल्या. चाललं ते इंजिन. तेराशे सीसीचं छोटं डिझेल, मारुतीच्या स्विफ्टमध्ये, टाटांच्या व्हिस्टामध्ये, एकमेकींच्या वैरिणी असलेल्या गाड्यांच्या पोटात एकच. आपल्या कितीतरी लोकांनी फियाटवर लाखो किलोमीटर काटले, आणि बॉनेटवर नाव दुसरंच होतं. पद्मिनीच्या वेळी गाडीवर नाव दुसरं असून लोक तिला फियाट म्हणायचे. या वेळी फियाट असून कुणी म्हणालं नाही. तुरिनमध्ये कंपनी पुन्हा उभी करणाऱ्या मार्किओनेलाही शिरूर तालुक्यातून ती गाडी विकता आली नाही. त्याच कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडू लागली, हा क्रायस्लरचा वारसा.

मार्किओने शेवटचा लोकांसमोर आला तो २६ जून २०१८ रोजी, रोममध्ये. काराबिन्येरी दलाला एक जीप भेट द्यायचा छोटा समारंभ होता. तो थकलेला दिसत होता. भाषण लहानच, त्यात तो म्हणाला की आपले वडील याच दलात होते, आणि या गणवेशाच्या संस्कारात आपण वाढलो. दोन दिवसांत तो झुरिकच्या रुग्णालयात दाखल झाला आणि २५ जुलैला गेला. सहासष्ट वर्षांचा होता.

तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला. अण्णांचा खाकी शर्ट आईनं बरीच वर्षं दाराच्या खुंटीला तसाच ठेवला होता, खिशाला बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं होती. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली तशी ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या रात्री मी डायरी काढली. खणातला तो कॉस्टिंगचा कागद, घडीवर फाटत आलेला, तेव्हापासून जुलैच्या त्या पानात ठेवलेला आहे.